पॉवर प्ले गोठला की दोष कुणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या आइस हॉकी संघाने गेल्या दहा सामन्यांत पॉवर प्लेच्या, म्हणजे समोर एक खेळाडू कमी असतानाच्या, ३१ संधींवर फक्त ३ गोल केले. गेल्या मोसमात हाच संघ २४ टक्क्यांवर होता. डाव्या सर्कलमधून (गोलसमोरच्या डाव्या वर्तुळातून) मारणाऱ्या तुमच्या नावाजलेल्या विंगरने (कडेच्या आक्रमकाने) या दहा सामन्यांत पॉवर प्लेवर एकही गोल केलेला नाही, त्याचा प्लस-मायनस (तो बर्फावर असताना झालेल्या आणि खाल्लेल्या गोलांचा हिशेब) उणे ७ आहे, आणि त्याला पॉवर प्लेच्या पहिल्या युनिटमधून (पाच जणांच्या तुकडीतून) काढावं यावर चाहत्यांचं एकमत झालंय. प्रशिक्षकालाही घरी पाठवा, असं निम्म्यांचं म्हणणं. यात खरं काय पाहायचं, आकडे की खेळ, असं तुम्ही विचारता.

मी बरीच वर्षं आइस हॉकीच्या संघांसाठी व्हिडिओ पाहण्याचं काम केलं. सामना संपल्यावर प्रत्येक पॉवर प्ले वेगळा कापायचा, दहा-दहा वेळा मागेपुढे करून पाहायचा आणि सकाळच्या बैठकीआधी प्रशिक्षकाच्या हातात टिपण द्यायचं, असं ते काम. त्यातून एक सवय लागली, ती आधीच सांगून टाकतो: पॉवर प्ले बिघडला की मी गोल शेवटी मोजतो आणि सेकंद आधी. ज्याच्या स्टिकवरून शेवटचा शॉट जातो तो सगळ्यांना दिसतो, म्हणून शिव्या त्याला पडतात. बिघाड बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पक (खेळातली रबरी चकती) पोचायच्या आधीच झालेला असतो.

क्रिकेटमधला पॉवर प्ले डोक्यात असेल तर तो बाजूला ठेवा. इथे प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये बसलेला असतो, साध्या मायनर पेनल्टीला दोन मिनिटं, आणि तेवढा वेळ पाच विरुद्ध चार असा खेळ चालतो. गोल झाला की मायनर पेनल्टी तिथेच संपते. हा नियम पूर्वी नव्हता. ५ नोव्हेंबर १९५५ ला मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या झाँ बेलिव्होने बोस्टनविरुद्ध एकाच पॉवर प्लेवर ४४ सेकंदांत तीन गोल केले. त्या मॉन्ट्रियल संघाचा पॉवर प्ले इतका जबर होता की पुढच्या मोसमापासून, म्हणजे १९५६-५७ पासून, एनएचएलने (उत्तर अमेरिकेतल्या मुख्य आइस हॉकी लीगने) नियमच बदलला.

आता तुमचे ३१ पैकी ३. एनएचएलमध्ये अलीकडच्या मोसमांत पॉवर प्लेची सरासरी २० ते २१ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे पाच वेळा एक माणूस जास्त मिळाला तरी चार वेळा हाती काही लागत नाही, आणि हे चांगल्या खेळाडूंच्या बाबतीत. समजा एखादा संघ अगदी २० टक्क्यांचा आहे. त्याला ३१ संधींत तीन किंवा त्याहून कमी गोल मिळण्याची शक्यता साध्या संभाव्यतेच्या हिशेबाने ११ टक्क्यांच्या जवळ येते. ८२ सामन्यांच्या मोसमात दहा-दहा सामन्यांचे आठ टप्पे पडतात. तेव्हा कुणाचं काहीही न चुकता असा एक दुष्काळ सरासरी संघाच्या वाट्याला जवळजवळ दर मोसमाला येणार. तुमचा संघ खरोखर २४ टक्क्यांचा असेल तर ही शक्यता ४ टक्क्यांवर येते, म्हणजे साधारण तीन मोसमांत एकदा. नेहमीची गोष्ट नव्हे, पण आभाळ कोसळलं म्हणावं इतकी दुर्मीळही नव्हे.

पूर्ण मोसमाचा आकडासुद्धा वाटतो तितका घट्ट नसतो. २४० संधी आणि २० टक्के धरले तर ४८ गोल अपेक्षित. त्यात निव्वळ योगायोगाने सहा गोल इकडे किंवा तिकडे होऊ शकतात, आणि तेवढ्यावर एक संघ साडेसतरा टक्क्यांवर दिसतो, तर दुसरा साडेबावीसवर. क्रमवारीत या दोघांमध्ये पंधरा-सोळा संघ बसतील. चाहते त्या क्रमवारीवर रात्र रात्र भांडतात. मीही भांडलोय.

टोरोंटो मेपल लीफ्सचं २०२४ चं उदाहरण बोलकं आहे. नियमित मोसमात २४ टक्के, आणि प्लेऑफच्या (मोसमानंतरच्या बाद सामन्यांच्या) पहिल्याच फेरीत बोस्टनविरुद्ध सात सामन्यांत २१ संधींवर एक गोल. सातवा सामना ओव्हरटाइममध्ये गेला, बोस्टनच्या पास्टर्नाकने गोल केला आणि टोरोंटोचा मोसम संपला. काही दिवसांत प्रशिक्षक शेल्डन कीफ यांना जावं लागलं. २४ टक्क्यांच्या संघाला २१ संधींत एक किंवा शून्य गोल मिळणं हे चाळीसात एखाद्या वेळी घडतं. तेव्हा सगळा दोष नशिबाला देता येत नाही. पण टोरोंटोचा विल्यम नीलँडर पहिले तीन सामने नव्हता आणि ऑस्टन मॅथ्यूज पाचवा आणि सहावा खेळला नाही, हे त्या आकड्यात कुठे दिसतं? शिवाय प्लेऑफमध्ये एकच प्रतिस्पर्धी सलग सात वेळा समोर असतो. तुमचा पास कुठून कुठे जातो, हे त्याने तिसऱ्या सामन्यापर्यंत पाठ केलेलं असतं. नशीब, गैरहजेरी आणि समोरच्याचा अभ्यास, तिन्ही त्या २१ पैकी १ मध्ये मिसळलेले आहेत, आणि नुसत्या आकड्यावरून ते वेगळे काढता येत नाहीत.

म्हणून सेकंदांकडे वळू. मायनर पेनल्टीचे १२० सेकंद कुठे जातात, हे एक कागद घेऊन लिहून पाहा. पाचही खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या भागात आपापल्या जागी उभे आहेत आणि पक आपल्याकडे आहे, असे सेकंद किती? चांगल्या रात्री साठ-सत्तर भरतात. वाईट रात्री वीससुद्धा भरत नाहीत, आणि मग उरलेल्या वेळात कोण कुठून मारतो याच्या चर्चेला अर्थच राहत नाही.

वेळ खाणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे क्लिअर. एक माणूस कमी असताना एनएचएलमध्ये आइसिंग (पक थेट दुसऱ्या टोकाला मारायला मनाई करणारा नियम) लागत नाही, त्यामुळे पेनल्टी किल करणारा संघ पक सरळ दुसऱ्या टोकाला भिरकावून देतो. रिंकची लांबी २०० फूट. मागे जायचं, पक उचलायचा, पाचांनी पुन्हा रांग धरायची, ब्लू लाइन (प्रतिस्पर्ध्याच्या भागाची सीमारेषा) ओलांडायची आणि जागा घ्यायच्या. माझ्या मोजणीत एका क्लिअरला पंधरा ते वीस सेकंद जातात. तीन क्लिअर झाले की अर्धा पॉवर प्ले संपला. त्यातला पहिला क्लिअर बऱ्याचदा पहिल्या फेसऑफवरच (पंच पक टाकतो आणि दोघे त्यासाठी झटतात, तिथेच) होतो. पेनल्टीनंतरचा फेसऑफ शिक्षा झालेल्या संघाच्या भागात होतो, म्हणजे जिंकलात तर थेट मांडणी आणि हरलात तर पहिले वीस सेकंद पाण्यात. फेसऑफचं श्रेय सेंटरला (मधल्या आक्रमकाला) मिळतं, पण पक सुटल्यावर त्यावर झेपावणारे दोन विंगर तितकेच कामाचे असतात. तुमच्या व्हिडिओत ते पाहा. एक जण तरी उभा राहून मजा बघताना सापडेल.

मग येतो प्रवेश. हल्ली जवळजवळ सगळे संघ ड्रॉप पास वापरतात: एक खेळाडू पक घेऊन वेगात मधल्या भागापर्यंत येतो, बचाव करणाऱ्या चौघांना मागे ढकलतो आणि पक मागे सोडतो. मागून दुसरा त्याहून जास्त वेगाने येऊन तो उचलतो. प्रेक्षकांना हा पास अजिबात आवडत नाही. पुढे जायचं सोडून मागे कशाला, असा त्यांचा सवाल, आणि फसला की हुर्यो ठरलेली. कल्पना मात्र पक्की आहे. मागे सरकणारा बचावपटू जागेवर थबकतो, तेवढ्यात पूर्ण वेगातला माणूस त्याच्या अंगावर येतो. थांबलेल्या पायांना पळत्या पायांशी जमत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र.

तो फसतो तो तीन कारणांनी. पहिला खेळाडू पास देणारच हे माहीत असेल तर त्याला कुणी भीत नाही. पाचपैकी एकदा तरी त्याने पक स्वतःच आत नेला पाहिजे. दुसरं, पास दर वेळी त्याच जागी सोडला तर समोरचा एक फॉरवर्ड तिथे दबा धरून बसतो. तिसरं कारण मला सगळ्यात जास्त वेळा दिसलं आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं: दोन्ही विंगर ब्लू लाइनवर आधीच पोचून पुतळ्यासारखे उभे राहतात. त्यांना पास दिला तर ते उभ्या पायांवर घेतात आणि लगेच दाबले जातात. पक आणणारा खेळाडू मग एकटा चौघांत घुसतो, पक हरतो आणि चाहत्यांच्या नजरेत गुन्हेगार ठरतो. खरा गुन्हा ब्लू लाइनवर उभं राहून झालेला असतो. मी एका संघाबरोबर असताना सलग तीन आठवडे हेच चाललं होतं. बैठकीत आम्ही पक हरणाऱ्या मुलाचेच तुकडे पुन्हा पुन्हा दाखवले, आणि दोन्ही विंगर मान डोलवत बसले. चूक त्यांची नव्हे, माझी होती. मी व्हिडिओ पकच्या मागे फिरणाऱ्या कॅमेऱ्यातून कापत होतो आणि विंगर त्या चौकटीबाहेर होते. वरच्या स्थिर कॅमेऱ्यातून पाहिल्यावर दहा मिनिटांत उलगडा झाला. तुम्ही घरी दूरदर्शन संचावर पाहत असाल तर तुम्हालाही तीच अर्धी चौकट दिसते, हे लक्षात असू द्या.

मांडणीकडे येऊ. आज बहुतेक संघ १-३-१ लावतात. वर पॉइंटवर, म्हणजे ब्लू लाइनजवळ, एक, बहुधा बचावपटू, ज्याला क्वार्टरबॅक म्हणतात. मधल्या ओळीत तिघे: दोन्ही बाजूंना एकेक, आणि त्यांच्या मध्ये बरोबर चौघांच्या पोटात उभा असलेला बम्पर. खाली गोलीच्या (गोलरक्षकाच्या) तोंडासमोर पाचवा, नेट-फ्रंट. अशी माणसं ठेवली की जिकडे बघावं तिकडे पासचे त्रिकोण तयार होतात आणि चार बचावपटूंना कुणाला सोडायचं हे ठरवावंच लागतं.

हे सगळ्यात उघडपणे दिसलं ते वॉशिंग्टन कॅपिटल्समध्ये. २०१२-१३ च्या ४८ सामन्यांच्या तोकड्या मोसमात ॲडम ओट्स प्रशिक्षक झाले आणि अलेक्झांडर ओव्हेचकिन पॉवर प्लेवर डाव्या सर्कलमध्ये ठाण मांडून बसला. त्या मोसमात वॉशिंग्टनचा पॉवर प्ले २६.८ टक्क्यांवर, लीगमध्ये पहिला. ओव्हेचकिनचे ३२ गोल, त्यातले १६ पॉवर प्लेवर. पुढची बारा वर्षं साऱ्या जगाला माहीत होतं की पक तिथेच जाणार आणि तो तिथूनच मारणार. तरी ६ एप्रिल २०२५ ला न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध वेन ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडणारा गोल त्याने पॉवर प्लेवर आणि त्याच डाव्या सर्कलमधून केला.

माहीत असूनही का अडवता येत नाही? एक माणूस त्याला चिकटवला की उरलेल्या भागात चार विरुद्ध तीन होतं, आणि चार विरुद्ध तीन हे पाच विरुद्ध चारपेक्षा अवघड, कारण मोकळी जागा जास्त. नाही चिकटवला तर गोलीला एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकावं लागतं. इथे पॉवर प्लेचं मूळ आहे. गोलच्या मध्यातून सरळ वर एक रेघ ओढा. पूर्वी गोली असलेले स्टीव्ह व्हॅलिकेट त्या रेघेला ‘रॉयल रोड’ म्हणतात. पास ती रेघ ओलांडून गेला आणि लगेच शॉट आला, तर गोलीला अंग वळवायचं, ढकलायचं, थांबायचं आणि मग पाहायचं, एवढं सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत करावं लागतं. बहुतेकांना जमत नाही. रेघ न ओलांडता त्याच बाजूने आलेला शॉट गोली तयार होऊन घेतो. शॉटची संख्या दोन्हीकडे एकच, किंमत मात्र निराळी.

म्हणून प्रेक्षक ‘मार, मार’ ओरडतात तेव्हा मला थोडं हसू येतं. पॉइंटवरून, गोलीच्या डोळ्यांसमोर कुणी नसताना मारलेला शॉट म्हणजे बहुधा प्रतिस्पर्ध्याला दिलेला क्लिअरच. अर्थात कधीच मारलं नाही तर चौघे सर्कलकडे सरकून पासचे रस्ते बंद करतात, हेही खरं. पॉइंटवरचा शॉट मला हवा असतो तो नेट-फ्रंट गोलीची नजर झाकून उभा असताना आणि सुटलेल्या पककडे आपले दोघे आधी पोचू शकत असताना. शॉटनंतरचा मोकळा पक परत मिळवणं हे पॉवर प्लेतलं सर्वांत कमी दखल घेतलेलं काम. पाचांनी चौघांविरुद्ध तो निम्म्याहून जास्त वेळा जिंकलाच पाहिजे. जिंकत नसाल तर दोष मांडणीत नाही, पाय जड झालेत.

आता हात. याकडे चाहते सहसा बघत नाहीत. वन-टाइमर म्हणजे आलेला पास न थांबवता थेट मारणं. त्यासाठी उजव्या हाताने मारणारा डाव्या सर्कलमध्ये हवा आणि डाव्या हाताचा उजव्या सर्कलमध्ये. तेव्हाच स्टिक मैदानाच्या मध्याकडे उघडी राहते. ओव्हेचकिन आणि टँपा बेमध्ये असतानाचा स्टीव्हन स्टॅमकोस उजव्या हाताचे, म्हणून डावीकडे. निकिता कुचेरोव्ह आणि लिऑन ड्रायसाइटल डाव्या हाताचे, म्हणून उजवीकडे. तुमच्या संघात मोसमाच्या मध्यावर समोरच्या बाजूचा खेळाडू दुखापतीने बाहेर गेला का, आणि त्याच्या जागी विरुद्ध हाताचा आला का, हे तपासा. आला असेल तर त्याला पास थांबवून, अंग वळवून मग मारावं लागतं. तो एक सेकंद बचावपटूंना फुकट मिळतो, आणि ते निर्धास्तपणे तुमच्या विंगरवर दोघं लावू शकतात. विंगरचा काही दोष नसताना त्याचे गोल आटतात.

एडमंटन ऑइलर्सचा २०२२-२३ चा पॉवर प्ले या सगळ्याचा एकत्रित नमुना आहे. २७५ संधींवर ८९ गोल, ३२.४ टक्के. मॉन्ट्रियलचा १९७७-७८ चा ३१.९ टक्क्यांचा विक्रम त्यांनी मोडला. ड्रायसाइटलने पॉवर प्लेवर ३२ गोल केले, टिम कर या खेळाडूच्या १९८५-८६ मधल्या ३४ च्या विक्रमाला दोनच कमी. पण तो मारायचा कुठून ते बघा: उजवीकडे, सर्कलच्या खालच्या अंगाला, गोल लाइनच्या इतक्या जवळ की कोन जवळपास उरतच नाही. तिथून गोल होतो कारण पक कॉनर मॅकडेव्हिडकडून रेघ ओलांडून येतो आणि गोली तेव्हा अजून वाटेत असतो. झॅक हायमन गोलीच्या तोंडाशी, रायन न्यूजेंट-हॉपकिन्स वेळ पाहून मधे किंवा कडेला. एक गोष्ट मला फार उद्बोधक वाटते. फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस त्यांनी पॉइंटवरचा टायसन बॅरी नॅशव्हिलला देऊन टाकला आणि त्या जागी तरुण इव्हान बूशार्ड आला. पॉवर प्ले ढासळेल असं अनेकांना वाटलं होतं. तो ढासळला नाही. पास कुठून कुठे जायचा हे चौघांच्या अंगात इतकं मुरलं होतं की पाचवा बदलला तरी घडी मोडली नाही. याचा अर्थ क्वार्टरबॅक कुणीही चालतो असा घेऊ नका. बूशार्डचा शॉट बॅरीहून जड आहे, त्यामुळे वरून धोका वाढलाच.

तुमच्या विंगरकडे येतो. आधी तो उणे ७ कचऱ्यात टाका, निदान या चर्चेपुरता. प्लस-मायनसचा नियमच असा आहे की पॉवर प्लेवर आपण गोल केला तर बर्फावरच्या पाचांना अधिक एक मिळत नाही, पण त्याच पॉवर प्लेत समोरच्या चौघांनी गोल केला तर पाचांनाही उणे लागतो. पॉवर प्लेवर जास्त खेळणाऱ्याला फायदा शून्य आणि तोटा पूर्ण. तुमच्या त्या दहा सामन्यांत पॉवर प्लेवर असताना तुमच्या संघाने किती गोल खाल्ले? दोन खाल्ले असतील तर उणे ७ मधले दोन तिथलेच. उरलेले पाच पाच-विरुद्ध-पाच खेळातले आहेत आणि त्यांचा पॉवर प्लेशी संबंध नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढू नका. हे खाल्लेले गोल टक्केवारीतही धरले जात नाहीत, म्हणून संघ मोजताना मी केलेल्या गोलांतून ते नेहमी वजा करतो.

मग त्याचे शॉट बघा. पॉवर प्लेवर एकूण शॉटपैकी साधारण १३-१४ टक्के गोलात जातात, पाच-विरुद्ध-पाचमध्ये ८ टक्क्यांच्या आसपास. त्याने दहा सामन्यांत त्या सर्कलमधून २५ शॉट घेतले असतील आणि एकही गेला नसेल, तर तीन गोल नशिबाने हिरावले असं समजा आणि त्याला हात लावू नका. उलट त्याचे शॉटच २५ वरून ९ वर आले असतील तर प्रश्न खरा आहे, आणि तो असा: पास त्याच्यापर्यंत येत का नाही? समोरचा एक बचावपटू कायम त्याच्यावर असेल, तर तो काहीही न करता एक माणूस अडकवून ठेवतोय. अशा वेळी बम्पर आणि नेट-फ्रंट यांना मोकळा पक मिळायला हवा. ते तो वाया घालवत असतील, तर त्यांना सोडून विंगरला काढणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. विंगर गेला की प्रतिस्पर्ध्याचा तो अडकलेला माणूसही मोकळा होतो. पुढच्या दहा सामन्यांत बम्परला श्वास घ्यायला जागा उरणार नाही.

त्याची खरी चूकही असू शकते, तीही सांगतो. थकलेला किंवा वैतागलेला शूटर हळूहळू वर आणि बाहेर सरकतो, पास सोपा मिळावा म्हणून. सर्कलच्या मधल्या ठिपक्यापासून सहा-सात फूट मागे गेला की तोच शॉट गोलीला आरामात दिसतो. पहिल्या आणि दहाव्या सामन्यातली त्याची उभं राहायची जागा शेजारी ठेवून पाहा. सरकला असेल तर ते एका सरावात दुरुस्त होतं. त्यासाठी युनिट मोडायची गरज नाही.

बाकीच्यांना मोजताना गुणांच्या (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलाला मदत, यांच्या) यादीवर विसंबू नका. पहिलं युनिट दोन मिनिटांतले पहिले सत्तर-ऐंशी सेकंद खेळतं आणि त्याला फेसऑफही आयता मिळतो. दुसऱ्या युनिटला चाळीस सेकंद, तेही बहुधा पक आपल्याच टोकाला असताना, म्हणजे त्यातले पंधरा प्रवेशातच जातात. ‘दुसऱ्या युनिटने काय दिवे लावले’ असं म्हणण्याआधी ६० मिनिटांमागे गुण किती, असा हिशेब करा. गोलाच्या आधीचा पास कुणाचा आणि त्याच्याही आधीचा कुणाचा, हेही वेगळं मोजा. दोघांना असिस्ट सारखाच मिळतो, पण रेघ ओलांडणारा पास बहुतेक वेळा पहिल्याचा असतो. काही वेळा मात्र सगळं काम दुसऱ्याने केलेलं असतं: त्याने दोन बचावपटू अंगावर घेतले आणि मधला फक्त पक पुढे सरकवणारा होता. म्हणून गोल पाहायचा तर शॉटच्या आधीच्या सहा सेकंदांपासून पाहा.

संधीची टक्केवारी आणखी एका ठिकाणी फसवते. चार-विरुद्ध-चार चालू असताना एकाची शिक्षा आधी संपली तर कधी कधी जेमतेम वीस सेकंदांचा पॉवर प्ले मिळतो. तीही एक पूर्ण संधी धरली जाते. तुमच्या ३१ मध्ये असे किती तुकडे आहेत? पाच-सहा निघाले तर चित्र बरंच सौम्य होईल.

प्रशिक्षकाबद्दल माझं मत सरळ आहे. त्याने दहा सामन्यांत एकही गोष्ट बदलली नसेल तर ती हट्टाची खूण, आणि दर सामन्याला पाचही माणसं बदलली असतील तर ती घबराटीची. घबराट जास्त वाईट, कारण पाच जणांना एकमेकांच्या पासची लय कळायलाच आठवडे लागतात. एका वेळी एकच बदल करणारा प्रशिक्षक मला आवडतो: आधी प्रवेशाची पद्धत, मग बम्पर, मग समोरच्या बाजूचा हात. तुमच्या जागी मी असतो तर सुरुवात बम्परपासून केली असती. डाव्या विंगरला पास मिळत नाही अशी तक्रार जिथे जिथे माझ्याकडे आली, तिथे मधला माणूस एकतर स्टिक बर्फावर न ठेवता उभा होता, किंवा चौघांपैकी एकाच्या सावलीत. पक त्याच्याकडे जाण्याची भीतीच कुणाला नव्हती, म्हणून मधला बचावपटू मोकळेपणाने डावीकडे झुकत होता.

पुढचे पाच सामने हे लिहा: प्रत्येक पॉवर प्लेत मांडणी लागेपर्यंत गेलेले सेकंद, क्लिअर किती, रेघ ओलांडणारे पास किती, बम्परने पकला किती वेळा स्पर्श केला आणि पक कुणी, कुठे, कुणामुळे हरवला. पंधरा-सोळा पॉवर प्लेंची नोंद होईल. मांडणीला सरासरी चाळीस सेकंदांहून जास्त लागत असतील तर विंगरचं नाव घेऊ नका, ब्लू लाइनवर बघा. मांडणी वेळेत लागतेय, रेघ ओलांडणारे पास आहेत, तरी गोल नाहीत, तर काहीच करू नका. आणि बम्परच्या रकान्यात सगळीकडे शून्य किंवा एक दिसला, तर मला कळवा. मग त्या एका माणसाचे व्हिडिओ आपण नीट पाहू.